दाढ ठणकते, पण पाय वळत नाहीत

दाढ रात्रीच ठणकायला लागते. मग दाढेखाली लवंग धरायची, मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करायच्या, मेडिकलमधून गोळी आणायची. सकाळी ठणका उतरला की दवाखान्याचा विषय पुढच्या आठवड्यावर जातो. नांदुरा असो, खामगाव असो की मलकापूर, घरोघरी हेच चालतं. गाल सुजून डोळ्यापर्यंत आला की मात्र धावपळ सुरू होते.

पैशांची ओढाताण, कापूस वेचणीचे दिवस ही कारणं खरी असतात. पण त्यांच्याआड पुष्कळदा एक न बोललेलं कारण असतं, ते म्हणजे भीती. सुईची, ड्रिलच्या आवाजाची, तोंड उघडं ठेवून आडवं पडण्याची. त्यात ‘वरची दाढ काढली की नजर जाते’ हे कुणीतरी सांगितलेलं असतंच. दाढेची नस आणि दृष्टीची नस वेगवेगळ्या आहेत. दाढ काढल्याने डोळे अधू होत नाहीत.

या भीतीला भित्रेपणा म्हणून हिणवणं चूक आहे. मध्यरात्री वीज आली म्हणून एकट्याने शेतात पाणी द्यायला जाणारा माणूसही दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत घामाघूम होतो. लहानपणी हातपाय धरून काढलेला एखादा दात त्याच्या मनातून गेलेला नसतो. नॉर्मन कोरा या अमेरिकी संशोधकाने 1969 मध्ये ही भीती मोजायला चार साधे प्रश्न तयार केले. पहिलाच प्रश्न होता, उद्या दातांच्या डॉक्टरांकडे जायचं आहे, तर कसं वाटतंय?

दुखणं आणि भीती यांवरचे उपाय वेगळे आहेत. दुखू नये म्हणून हिरडीत बधिर करणारं इंजेक्शन देतात. घाबरलेलं मन शांत करायला जे औषध देतात, त्याला सिडेशन म्हणतात. सिडेशन दिलं तरी बहुतेक वेळा बधिर करावं लागतंच. फक्त त्या सुईची धास्ती उरत नाही.

सगळ्यांत सौम्य प्रकार नायट्रस ऑक्साइड वायूचा. डिसेंबर 1844 मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्डमध्ये होरेस वेल्स या दंतवैद्याने हा वायू हुंगून स्वतःचीच दाढ सहकाऱ्याकडून काढून घेतली. पुढच्या वर्षी बोस्टनमध्ये सर्वांसमोर केलेला प्रयोग फसला, रुग्ण ओरडला आणि वेल्सची नाचक्की झाली. वायू मात्र टिकला.

आज तो ऑक्सिजनमध्ये मिसळून देतात. नाकावर छोटा मऊ मास्क बसतो, बाजूला लटकणारी रबरी पिशवी प्रत्येक श्वासाबरोबर फुगते आणि बसते. डॉक्टर प्रमाण थोडं थोडं वाढवत बोलत राहतात. काही मिनिटांत बोटांना मुंग्या येतात, हातपाय सैल पडतात, मुठीत धरलेला खुर्चीचा हात सुटतो. रुग्ण जागाच असतो, विचारलेल्याला उत्तर देतो. काम झालं की पाचेक मिनिटं नुसता ऑक्सिजन देतात आणि अंमल उतरतो. नाक चोंदलं असेल किंवा गरोदरपणाचे सुरुवातीचे महिने असतील, तर हा वायू टाळतात.

गोळीने किंवा शिरेतून मिडॅझोलॅमसारखं औषध दिलं तर गुंगी अधिक येते. झालेलं पुष्कळसं आठवतही नाही. पण त्यासाठी प्रशिक्षित माणूस, बोटाला लावायचा ऑक्सिजन मोजणारा चिमटा, हाताशी ऑक्सिजन आणि अंमल उतरवणारं औषध लागतंच. एवढी तयारी नसेल तिथे नुसतं ‘झोपेचं इंजेक्शन देतो’ म्हणणाऱ्याला हो म्हणू नये. तालुक्याच्या प्रत्येक दवाखान्यात ही सोय असणार नाही. नागपुरात 1968 पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे, पण नांदुऱ्याहून ते तीनशे किलोमीटरपेक्षा लांब.

म्हणून सुरुवात जवळच करावी. ‘मला फार भीती वाटते’ हे पहिल्याच भेटीत, तोंड उघडण्याआधी सांगावं. चांगले डॉक्टर आधी हत्यार दाखवतात, सुईआधी हिरडीला बधिर करणारं जेल लावतात आणि डावा हात वर केला की थांबण्याचं ठरवून घेतात. कित्येकांचं काम एवढ्यानेच होतं. ज्यांना गुंगीचं औषध लागेल त्यांनी किती वेळ उपाशी राहायचं ते विचारून घ्यावं, बीपी-शुगरच्या गोळ्यांची चिठ्ठी न्यावी आणि सोबत घरचं माणूस ठेवावं. त्या दिवशी मोटारसायकलची किल्ली सोबतच्या माणसाच्या खिशात असावी.