गाऱ्हाणं आधी कुणाकडे न्यायचं?

रविवारची सकाळ. बंगळूरच्या शिवाजीनगर भागातलं सेंट मेरीज बॅसिलिका माणसांनी भरलेलं असतं. एक मिस्सा तमिळमध्ये, एक कन्नडमध्ये, एक इंग्रजीत. शहरातल्या कॅथलिक चर्चमधून मिस्सा संपता संपता कधीकधी एक छोटी सूचना वाचली जाते. अमक्याचा मुलगा, तमक्याची मुलगी, दोघांचं लग्न ठरलं आहे. कुणाला काही अडचण ठाऊक असेल तर फादरना सांगावं. लागोपाठ तीन रविवार ही सूचना देण्याची जुनी रीत आहे. लोक ती ऐकतात, कोण कुणाची मुलगी याचा अंदाज बांधतात आणि घरी जातात.

त्या दोघांना मात्र त्याआधी आणखी एक गोष्ट करावी लागते. बहुतेक कॅथलिक धर्मप्रांतांत लग्नापूर्वीचा अभ्यासवर्ग केल्याचा दाखला दिल्याशिवाय चर्चमध्ये लग्न लागत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ मध्ये कुटुंबावर जे विस्तृत पत्र काढलं, त्यात लग्नाची तयारी लहानपणापासून घरातच सुरू होते असं सांगून तिचे तीन टप्पे मांडले होते. हा अभ्यासवर्ग त्यातला अगदी शेवटचा. एक-दोन दिवस फादर, डॉक्टर, संसारात मुरलेली जोडपी येऊन बोलतात. प्रार्थना आणि धर्म तर असतोच, पण पगार कुणाच्या खात्यात जायचा, सासू-सासरे कुठे राहायचे, मूल कधी, भांडण झालं तर काय, हेही विषय निघतात. पुष्कळ मुलंमुली नाइलाजानं येऊन बसतात. तरीही साखरपुड्यापासून हॉल, केटरर आणि कपडे यांखेरीज दुसरं काहीच न बोललेल्या जोडप्याला पैशाबद्दल पहिल्यांदा एकमेकांसमोर तोंड उघडावं लागतं, हे काही थोडं नाही. आपल्याकडे पत्रिका जुळवतात, मेन्यू ठरवतात; गृहकर्जाचा हप्ता कोण भरणार, हे लग्नानंतर कळतं!

बंगळूरसारख्या शहरात तर हे आधी बोलणं फारच गरजेचं झालं आहे. कोल्हापूर, बेळगाव, पुण्याहून नोकरीसाठी गेलेली मराठी मुलंमुली तिथं मंगळूरच्या, केरळच्या, गोव्याच्या ख्रिस्ती सहकाऱ्यांबरोबर काम करतात आणि त्यातून लग्नंही जमतात. मग मराठी घरात पहिला प्रश्न येतो, "मुलीला धर्म बदलावा लागेल का?" कॅथलिक चर्चच्या नियमाप्रमाणे बदलावा लागत नाही; बिशपांची खास परवानगी घेऊन असं लग्न लागू शकतं. पण त्यात एक अट आहे. आपली श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथलिक पद्धतीनं व्हावं म्हणून शक्य ते सगळं करीन, असं वचन कॅथलिक जोडीदाराला द्यावं लागतं. दुसऱ्याकडून वचन घेत नाहीत, मात्र त्याला या वचनाची पूर्ण कल्पना द्यावी लागते. ही कल्पना कागदावर सही करताना घाईघाईत मिळाली, तर बाळाच्या बारशाला घरात तंटा उभा राहणारच. मुलीच्या आईवडिलांनीही "बघू पुढे" असं म्हणून हा विषय टाळू नये.

आता लग्नानंतरचं. समजा, नवरा रात्रपाळीच्या कॉल सेंटरमध्ये आहे आणि बायको बँकेत. तो सकाळी येतो तेव्हा ती निघते. तो तिला न विचारता भावाला पैसे देतो. तिला ते कळतं. ती कुणाला सांगते? आधी आईला. आई मावशीला सांगते. मग बहिणींचा व्हॉट्सअॅप ग्रुप, मग शेजारची मैत्रीण, मग चर्चमधल्या बायका, मग फादर किंवा पाळक. नवऱ्याला ते कळतं शेवटी, आणि तेही त्याच्या मेव्हण्याकडून. तोवर गावभर त्याचा निकाल लागून गेलेला असतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येशूनं याच्या नेमका उलटा क्रम सांगितला आहे. ज्याच्याकडून चूक झाली त्याच्याकडे आधी आपण एकट्यानं जावं, दोघांतच बोलावं. त्यानं ऐकलं तर प्रश्न मिटला. नाही ऐकलं तर एक-दोन माणसं बरोबर घ्यावीत. तरीही नाही, तरच मंडळीसमोर न्यावं. कुटुंबात वावरणाऱ्या कुणालाही, मग तो कोणत्याही धर्माचा असो, यातलं शहाणपण पटेल. दोघांत झालेलं बोलणं मागे घेता येतं. दहा जणांत गेलेलं येत नाही. आणि 'एक-दोन माणसं' म्हणजे आपल्याच बाजूची नव्हेत. नवऱ्याला न घाबरणारी आणि बायकोची री न ओढणारी माणसं प्रत्येक घराच्या ओळखीत एखाद-दुसरी तरी असतात. ती आधीच हेरून ठेवलेली बरी.

पोप फ्रान्सिस घरासाठी तीन शब्द पुन्हा पुन्हा सांगत. परवानगी मागण्याचा, आभाराचा आणि माफीचा. २०१६ मध्ये कुटुंबाविषयी काढलेल्या दस्तऐवजातही त्यांनी ते घातले. मराठी घरात घरच्यांचे आभार मानणं परकेपणाचं वाटतं हे खरं, पण "भाजी छान झालीय" एवढं म्हणायला काय हरकत आहे?

बोलणं तुटूनही नातं कसं टिकतं, याचं सर्वांत ओळखीचं मराठी उदाहरण ख्रिस्ती घरातलंच आहे. कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. लहान मुलाला घेऊन त्या जवळजवळ पाच वर्षं नवऱ्यापासून दूर, नातलगांच्या आधारानं राहिल्या. टिळकांचा स्वभाव तापट, हातात पैसा न टिकणारा. 'स्मृतिचित्रे'त लक्ष्मीबाईंनी यातलं काही झाकलेलं नाही, उलट हसत हसत सांगितलं आहे. पण पत्रं चालू राहिली. पुढे त्या अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, आल्या त्या आपलं सोवळं सांभाळून. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळकांनी त्याला आडकाठी केली नाही. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतः होऊन बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी पहिल्या वर्षीच हट्ट धरला असता, तर हा संसार पुन्हा उभा राहिला असता असं वाटत नाही. अर्थात, न सांगता घर सोडण्याची चूकही त्यांचीच होती, हे विसरून चालणार नाही.

<b>सोसणं म्हणजे क्षमा नव्हे</b>

ख्रिस्ती शिकवणुकीत क्षमेला मोठा मान आहे, आणि तिचा सर्वांत मोठा गैरवापरही घरातच होतो. मार खाऊन आलेल्या बाईला "क्षमा कर, प्रार्थना कर आणि परत जा" असं सांगणारे नातेवाईक सगळ्याच धर्मांत भेटतात. कायद्यानंही दीर्घकाळ तेच केलं. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे होतं; बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा परित्याग असं आणखी काही सिद्ध करावं लागे. हा भेद २००१ च्या दुरुस्तीनं गेला आणि परस्पर संमतीचा मार्गही खुला झाला. त्यासाठी दोन वर्षं वेगळं राहण्याची अट होती. इतर धर्मीयांना एकच वर्ष पुरतं, मग ख्रिश्चनांना दोन का, असा प्रश्न आला तेव्हा कर्नाटक उच्च न्यायालयानं २०१४ मध्ये ती एका वर्षावर आणली.

पोप फ्रान्सिस यांच्या २०१६ च्या त्याच दस्तऐवजात असंही म्हटलं आहे की, दुबळ्या जोडीदाराला किंवा लहान मुलांना हिंसेपासून वाचवायचं असेल, तर वेगळं होणं नैतिकदृष्ट्याही आवश्यक ठरू शकतं. मत्तयाचा क्रमही इथं लावायचा नाही. हात उगारणाऱ्या माणसाशी बंद खोलीत एकटीनं बोलायला जाणं धोक्याचं आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली त्याच घरात राहण्याचा हक्क, संरक्षणाचा आदेश आणि पोटगी मागता येते. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. मनावरचा ताण असह्य झाला असेल तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करता येतो; २०२२ मध्ये सुरू झालेल्या या देशव्यापी सेवेची मुख्य संस्था बंगळूरचीच निम्हान्स आहे.

जिथं भीती नाही, फक्त कडवटपणा आहे, तिथं कोर्टातही बोलण्याची एक संधी मिळते. बंगळूरच्या कौटुंबिक न्यायालयाची इमारत न्यायदेगुल या नावानं ओळखली जाते; कन्नडमध्ये देगुल म्हणजे देऊळ. तिथं २००७ पासून मध्यस्थी केंद्र चालतं. दोघं एका टेबलाशी बसतात, मध्ये प्रशिक्षित मध्यस्थ असतो, आणि तिथलं बोलणं गोपनीय राहतं.

कॅथलिक जोडप्यांची इथं एक मोठी गैरसमजूत होते. चर्चच्या न्यायाधिकरणानं लग्न मुळातच अवैध होतं असा निर्णय दिला की झालं, असं त्यांना वाटतं. मंगळूरचे वकील क्लॅरेन्स पैस यांनी या निर्णयांना कायदेशीर मान्यता मिळावी म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. जानेवारी २०१७ मध्ये ती फेटाळली गेली. त्यामुळे चर्चचा कागद हातात असला, तरी दुसरं लग्न ठरवण्याआधी दिवाणी कोर्टाचा हुकूम घ्यावाच लागतो. नाहीतर पहिलं लग्न कायद्यानं कायम असताना दुसरं केल्याचा गुन्हा अंगावर येतो.