सहनिवासाचा कायदा : लेखांक चौथा – इमारत सभासदांची, जमीन कोणाची?

गृहनिर्माण संस्थेच्या नोंदणीचे प्रमाणपत्र हाती आले म्हणजे इमारतीखालच्या जमिनीची मालकीही ओघानेच आली, असा जो समज अनेक सभासद उराशी बाळगून असतात, तो सर्वस्वी निराधार आहे. दुय्यम निबंधकाच्या दप्तरी नोंदलेल्या दस्ताने सभासदाला सदनिका मिळते. जमीन मात्र स्वतंत्र अभिहस्तांतरण होईपर्यंत सातबाऱ्यावर वा मिळकत पत्रिकेवर मूळ मालकाच्याच नावे राहते, आणि तो निवर्तला की त्याच्या वारसांचे फेरफार तिच्यावर चढू लागतात.

१९६३ च्या सदनिका मालकी कायद्याने, म्हणजे व्यवहारातल्या ‘मोफा’ने, हा धोका आरंभीच ओळखला होता. करारात मुदत ठरलेली नसेल तर संस्थेच्या नोंदणीपासून चार महिन्यांच्या आत प्रवर्तकाने मिळकत संस्थेच्या नावे करून द्यावी, असा दंडक त्यात आहे, आणि कसूर केल्यास कैदेची तरतूदही आहे. परंतु प्रवर्तक तुरुंगात गेल्याने संस्थेला जमीन मिळत नाही, आणि शिल्लक चटईक्षेत्राचा लोभ शिक्षेच्या भयाहून बलवत्तर ठरतो. म्हणूनच २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग खुला झाला: संस्थेने जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावा, त्यांनी प्रवर्तकाला म्हणणे मांडण्याची संधी देऊन सहा महिन्यांच्या आत निर्णय करावा, आणि प्रमाणपत्र मिळाल्यावर प्रवर्तकाच्या सहीवाचूनही दस्त नोंदला जावा.

नांदेड-लातूरच्या वाचकांना मात्र एक गोष्ट मला आग्रहाने सांगितली पाहिजे. या मार्गाने संस्थेला मिळतो तो प्रवर्तकाच्या पदरी असलेलाच हक्क. त्याच्या मालकीत जे वैगुण्य असेल, ते जमिनीबरोबर संस्थेकडे येते. आपला मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता, येथील कित्येक जमिनी इनामाच्या वा मदतमाशच्या, आणि १९५४ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्यानंतरही त्यांच्या हस्तांतरणावर सरकारी परवानगीचे आणि नजराण्याचे बंधन राहिले. ती परवानगी न घेता जमीन प्रवर्तकाकडे आली असेल, तर त्यात निरपराध सभासदांची आयुष्यभराची मिळकत अडकते, आणि मालकीचा असा वाद उपनिबंधकांपुढे नव्हे, दिवाणी न्यायालयातच तडीस न्यावा लागतो. यास्तव अर्जापूर्वी तहसील कचेरीतून १९५४-५५ च्या खासरा पत्रकाची नक्कल काढावी, तेव्हापासूनचे सर्व फेरफार क्रमवार लावून पाहावेत, आणि भोगवटादार वर्ग दोनचा शेरा आढळल्यास जाणत्या वकिलाचा लेखी अभिप्राय घेऊन तो सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा.

१९७० च्या कायद्यान्वये घोषणापत्र नोंदलेल्या ‘अपार्टमेंट’ इमारतींत प्रत्येक धारकाला जमिनीत अविभाज्य हिस्सा असतो. तो विषय पुढील आठवड्यात. येथे एवढेच, की मानीव अभिहस्तांतरणाचा दस्त नोंदल्यावर त्याची नक्कल तलाठ्याकडे वा नगर भूमापन कार्यालयात देऊन फेरफार मंजूर करून घ्यावा, आणि संस्थेच्या नावाचा नवा उतारा हाती पडेपर्यंत पाठपुरावा सोडू नये.