भोपळ्याचं परागीकरण हाताने कसं करायचं?

शेजारच्या काकू परवा म्हणाल्या, "वेलाला फुलं ढीगभर, पण भोपळा एकही धरत नाही!"

छोट्या बागेत मधमाश्या कमी आल्या की असं होतं. शिवाय सुरुवातीला बहुधा नर फुलंच येतात.

ओळख सोपी आहे: मादी फुलाच्या खाली इवलासा भोपळा असतो, नर फुलाला नुसता देठ.

फुलं पहाटे उमलतात, दुपारपर्यंत मिटतात. म्हणून मी सकाळी लवकर ताजं नर फूल तोडते, पाकळ्या काढते आणि पराग मादी फुलाच्या मध्यभागी सगळीकडे हलकेच लावते.

'अटलांटिक जायंट'सारखा महाकाय भोपळा हवा असेल, तर वेलावर एकच जोमदार फळ ठेवा. सगळं पोषण त्यालाच मिळतं.

तुमच्या वेलाची काही अडचण? फोटोसह जरूर विचारा!