विश्लेषण : रस्ता खोदला एकाने, वाहतूक सांभाळायची कोणी? भांडुपच्या एलबीएस मार्गावर जबाबदारी नेमकी कोणाची?

भांडुप पश्चिमेतून मुलुंड किंवा घाटकोपरकडे जाणारा मुख्य रस्ता एकच, लालबहादूर शास्त्री मार्ग. एका बाजूला मध्य रेल्वेचे रूळ, दुसऱ्या बाजूला डोंगरउतारावरची दाट वस्ती. पूर्व द्रुतगती मार्ग गाठायचा तर नाहूरचा पूल किंवा थेट जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड. अशा रस्त्याची एक मार्गिका बॅरिकेडच्या आत गेली, तर वाहनांना पर्यायच उरत नाही.

याच मार्गावरून वडाळा ते कासारवडवली ही सुमारे ३२ किलोमीटरची मेट्रो ४ जाते. तिचे काम एमएमआरडीएकडे. रस्त्याखालच्या जलवाहिन्या महापालिकेच्या, वीजवाहिन्या महावितरणच्या. कोंडी झाली की शिव्या मात्र चौकातल्या वाहतूक हवालदाराला. नियमांच्या साखळीत तो सर्वात शेवटी येतो.

आराखडा करायचा कोणी?

इंडियन रोड्स काँग्रेसच्या ‘एसपी ५५’ (२०१४) या मार्गदर्शिकेत याचे उत्तर आहे. काम सुरू होण्याआधी कंत्राटदाराने वाहतूक व्यवस्थापन आराखडा तयार करायचा आणि काम देणाऱ्या यंत्रणेच्या अभियंत्याने तो तपासून मंजूर करायचा. त्यात रस्त्याचे चार टप्पे पडतात : आगाऊ सूचनेचे फलक, वाहनांना हळूहळू कडेला नेणारा निमुळता पट्टा, प्रत्यक्ष कामाची जागा आणि पुन्हा मूळ मार्गिकेवर येण्याची जागा.

निमुळत्या पट्ट्याची लांबी वाहनांच्या वेगावर ठरते. तो आखूड ठेवला की बॅरिकेड चालकासमोर अचानक येते. रात्री, पावसात, त्याचा पहिला फटका दुचाकीस्वाराला बसतो. पादचाऱ्यांसाठी सुरक्षित वाट हाही आराखड्याचाच भाग आहे. पदपथ बॅरिकेडमध्ये गेला आणि बाहेर वाट नसेल, तर आराखडा फसला आहे, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

पोलीस काय करतात?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ नुसार वाहनांवर निर्बंध घालता येतात. रस्ता बंद करणे, एकेरी करणे, अवजड वाहने वळवणे यासाठीची अधिसूचना वाहतूक पोलीस काढतात. पोलिसांची परवानगी मिळाली म्हणून कंत्राटदार आणि अभियंता मोकळे होत नाहीत. सार्वजनिक रस्त्यांची देखभाल तर १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यातील कलम ६१ नुसार पालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे.

मग घोडे अडते कुठे?

आराखडा असतो प्रत्येक कंत्राटाचा. समजा, मेट्रोच्या खांबाजवळ एक मार्गिका बंद आहे आणि दोनशे मीटर पुढे जलवाहिनीसाठी चर खणला आहे. दोन्ही आराखडे कागदावर बिनचूक असू शकतात. वाहनचालकाला मात्र दोन्ही अडथळे लागोपाठ पार करावे लागतात. संपूर्ण मार्गाचा एकच आराखडा, त्याखाली एकाच अधिकाऱ्याची सही, एवढी साधी गोष्ट केली तर बराच फरक पडेल.

अपघात झाला तर?

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आले. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभालीचे मानक न पाळल्याने कोणाचा मृत्यू झाला वा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणा, कंत्राटदार किंवा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कोट्यवधींच्या कंत्राटापुढे ही रक्कम किरकोळच.

मुंबई उच्च न्यायालयाचा १३ ऑक्टोबर २०२५ चा आदेश जास्त धारदार आहे. खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायची. ती आधी संबंधित यंत्रणेने द्यायची आणि नंतर दोषी अधिकारी वा कंत्राटदाराकडून वसूल करायची. खड्ड्याची तक्रार आल्यावर ४८ तासांत त्याची दखल घेण्याचेही न्यायालयाने बजावले आहे.

त्यामुळे तक्रारीची नोंद महत्त्वाची. पालिकेच्या १९१६ क्रमांकावर किंवा भांडुपच्या एस विभाग कार्यालयात तक्रार करताना वेळ दिसणारे छायाचित्र आणि कामाच्या फलकावरचे कंत्राटदाराचे नाव जोडावे. तिथे फलकच नसेल, तर ती पहिली तक्रार.