साखर जाळायची, पण किती?

यीस्टला हवा मिळू दिली की ते साखर कमी खातं आणि वाढतं मात्र जोमानं. हवा तोडली की साखरेचा फडशा पाडतं, वाढ रोडावते. लुई पाश्चरनं १८६१ मध्ये हे नोंदवलं. ऑक्सिजनविना ग्लुकोजच्या एका रेणूमागे पेशीच्या पदरात एटीपीचे, म्हणजे ऊर्जेच्या चलनाचे, दोनच रेणू पडतात. ऑक्सिजन असला की तीसच्या आसपास. तेव्हा कमी साखरेत भागतं, हे उघड आहे. पण भागतंय तर कमी जाळा, हे पेशीत सांगतं कोण? तिथे ना मेंदू, ना मुकादम.

ग्लुकोज फोडण्याच्या पहिल्या टप्प्यात दहा पायऱ्या आहेत. मुख्य पहारा तिसरीवर, फॉस्फोफ्रुक्टोकायनेज या विकराकडे. (नाव जिभेला जड, काम एवढंच, की साखरेच्या रेणूला दुसरा फॉस्फेट जोडायचा.) पहिल्याच पायरीवर का नाही? कारण तिथे तयार होणाऱ्या ग्लुकोज-६-फॉस्फेटला अजून दुसऱ्या वाटा मोकळ्या असतात. त्याचं ग्लायकोजेन करून साठवता येतं किंवा डीएनए-आरएनएसाठी लागणारी साखर घडवता येते. तिसरी पायरी चढली की ते फुटण्याच्याच वाटेला लागलं.

फॉस्फेट जोडायला हे विकर एटीपीच वापरतं. गंमत म्हणजे त्याच्या अंगावर दुसरी एक खाच असते, तिथेही एटीपीच बसतो, पण ब्रेक म्हणून. एटीपी मुबलक असला की ही खाच भरते, विकराचा आकार जरासा बदलतो आणि काम मंदावतं. मायटोकॉन्ड्रियातून, म्हणजे ऑक्सिजन वापरून एटीपी बनवणाऱ्या पेशीतल्या भट्ट्यांतून, तिथला सायट्रेट हा पदार्थ जास्तीचा होऊन बाहेर आला तर ब्रेक आणखी आवळला जातो. पाश्चरचं कोडं बरंचसं इथेच सुटतं.

तरी एकट्या एटीपीवर भिस्त ठेवणं धोक्याचं. पेशी त्याची पातळी फारशी घसरू देतच नाही, मग टंचाई कळणार कशी? एटीपीत तीन फॉस्फेट, एडीपीत दोन, एएमपीत एक. ओढाताण सुरू झाली की दोन एडीपींमधून एक एटीपी वसूल केला जातो आणि मागे एएमपी उरतो. स्नायूत एटीपी दहा टक्क्यांनी घटला तर एएमपी सुमारे सहापट होतो, असं पाठ्यपुस्तकी गणित आहे. महिनाअखेर जवळ आली हे पाकिटातल्या नोटांपेक्षा डब्यातली चिल्लर बाहेर निघू लागली की आधी कळतं, तसंच हे. हा एएमपी विकराला चिकटतो आणि एटीपीनं लावलेला ब्रेक सैल करतो. या साऱ्या व्यवस्थेत मला सर्वांत चलाख वाटतो तो हाच भाग.

यकृताला मात्र स्वतःपुरतं पाहून चालत नाही, अख्ख्या शरीराच्या रक्तातली साखर सांभाळायची असते. तिथे फ्रुक्टोज-२,६-बिसफॉस्फेट या रेणूचा शब्द चालतो. इन्सुलिन त्याला वाढवतं आणि साखर फुटते. ग्लुकागॉन हे दुसरं संप्रेरक त्याला घटवतं आणि यकृत उलट साखर बनवू लागतं. हा रेणू सापडला १९८० मध्ये, बेल्जियममध्ये.

ही शिस्त कर्करोगात बिघडते. ऑक्सिजन असूनही गाठीतल्या पेशी ग्लुकोजचं लॅक्टिक आम्ल करत सुटतात, हे ओटो वॉरबर्गनं १९२० च्या दशकात दाखवलं. त्यांचे मायटोकॉन्ड्रिया निकामी असतात, हा त्याचा अंदाज बहुतेक गाठींना लागू पडला नाही. पण त्यांच्या या हावरेपणावरच पेट स्कॅन उभा आहे. त्यात टोचतात ते किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेलं ग्लुकोज. पेशी ते ओढून घेते, पहिली पायरी चढवते आणि दुसरीवर ते अडकतं, कारण पुढे जायला लागणाऱ्या ऑक्सिजनच्या अणूच्या जागी नेमका फ्लोरिन बसलेला असतो. पण स्नायूही ते ओढून घेऊ शकतात, म्हणून आधी काही तास उपाशी राहायला सांगतात आणि इंजेक्शननंतर तासभर स्वस्थ पडून राहायला. च्युइंगमसुद्धा चघळायचं नाही, नाहीतर जबड्याचे स्नायूच चित्रात चमकू लागतात.