दहा दिवसांचं बिल, सात दिवसांचा हप्ता

दुधाचं बिल दर दहा दिवसांनी होतं. फायनान्सचा हप्ता दर सात दिवसांनी असतो, दुसऱ्या फायनान्सचा चौदा दिवसांनी. शिवणकामाचे पैसे लग्नसराईत आणि दिवाळीत मिळतात, एरवी ब्लाऊज नेणारी देईल तेव्हा. ऊस कारखान्याला गेल्यापासून १४ दिवसांत त्याचं बिल मिळावं असा कायदा आहे. ते प्रत्यक्षात कधी मिळतं ते कृष्णाकाठच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. सांगली जिल्ह्यातल्या कितीतरी घरांची कर्जं या तारखांच्या घोळात वाढली आहेत. पैसे गुरुवारी येणार असतात आणि हप्ता सोमवारी असतो. मधले तीन दिवस निभावायला कुणाकडून तरी उचल घ्यावी लागते, मग त्या उचलीचंही व्याज सुरू होतं.

नदीकाठच्या अशाच एका गावातल्या महिला बचत गटाच्या बैठकांना मी काही महिने जाऊन बसत होतो. गट जुना आहे. अकरा जणी, महिन्याला प्रत्येकी २०० रुपये बचत. बैठक १५ तारखेला दुपारी दोन वाजता, मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात. तारीख ठरवताना डोकं लावलेलं आहे. महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांचं दूधबिल तोवर हातात पडलेलं असतं, आणि दोन वाजता सकाळची कामं उरकून संध्याकाळच्या धारेला अजून वेळ असतो. उशिरा येणारीला दहा रुपये दंड. अध्यक्षबाईंनीही तो माझ्यासमोर भरला, कुरकुर न करता.

बैठकीत भाषणं होत नाहीत. आधी हजेरी, मग बचत, मग कर्जाची परतफेड. सचिव असलेली ताई बारावी झालेली आहे. ती प्रत्येकीची रक्कम रोकडवहीत चढवते, सभासदाच्या पासबुकात लिहिते आणि मोठ्याने वाचून दाखवते. हे वाचून दाखवणं मला सुरुवातीला वेळखाऊ वाटायचं. पण अकरा जणींपैकी तिघींना वाचता येत नाही, आणि कुणाकडे किती येणं आहे हे त्या तिघींनाच सगळ्यांत पक्कं पाठ असतं. एकदा सचिवांनी परतफेडीत शंभराची चूक केली, ती त्यांच्यातल्याच एका आजींनी पकडली.

हे तंत्र काल-परवाचं नाही. नाबार्डने १९९२ मध्ये देशभरातले ५०० गट बँकांशी जोडायचा प्रयोग हाती घेतला, त्यातून पुढे ही चळवळ पसरली. महाराष्ट्रात आधी महिला आर्थिक विकास महामंडळाने (माविम) आणि २०११ पासून ‘उमेद’ अभियानाने गावोगाव गट बांधले. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि लिहिलेला हिशेब ही पंचसूत्री कुठल्याही गटातल्या बाईला झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येते. उमेदच्या गटांना तीन लाखांपर्यंतचं बँक कर्ज सात टक्क्यांनी मिळू शकतं. पण मला बँकेच्या कर्जापेक्षा आतल्या कर्जात जास्त रस होता: स्वतःच्याच साठलेल्या पैशातून, एकमेकींच्या जामिनावर, शेकडा एक दराने. महिन्याला एक टक्का म्हणजे वर्षाला बारा, आणि ते व्याज पुन्हा गटाच्याच पेटीत.

एका बैठकीत शिवणकाम करणाऱ्या एका ताईंनी २० हजारांचा अर्ज दिला. कारण लिहिलं होतं ‘घरखर्च’. अध्यक्षबाईंनी अर्ज वाचला आणि बाजूला ठेवला. “घरखर्चाला वीस हजार? कुणाचं देणं हाय ते सांग. सगळं सांग. निम्मं सांगून काय उपेग न्हाई.”

ताई बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी पिशवीतून कागद काढले: दोन फायनान्सची लोनकार्डं, पतसंस्थेची सोनेतारणाची पावती, मोबाईलच्या हप्त्यांचा मेसेज. सचिवांनी वहीच्या मागच्या पानावर रकाने आखले: कुणाचं, किती बाकी, हप्ता किती, कोणत्या दिवशी, व्याज काय.

पहिली फायनान्स, बाकी हप्ते २८ हजारांचे, आठवड्याला ६५०. दुसरी, बाकी ३६ हजार, चौदा दिवसांनी १,५००. पतसंस्थेत गंठण, ४० हजार, सध्या महिन्याला व्याजाचे ४००. मोबाईलचे पाच हप्ते, १,४०० चे. किराणा दुकानाची उधारी साडेचार हजार. “झालं?” सचिवांनी विचारलं. ताई “झालं” म्हणाल्या. शेजारच्या काकूंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “आणि त्यो?” तेव्हा सहावी ओळ आली. गल्लीतल्याच एकाकडून घेतलेले २० हजार, शेकडा पाच. महिन्याला हजार रुपये व्याज, आठ महिने चाललेलं, मुद्दल जागच्या जागी. घरात कुणालाच माहीत नाही.

बेरीज झाली १,३५,५००. महिन्याला जाणारे पैसे ८,९०० च्या आसपास. घरात येणारे, नवऱ्याची टेम्पोवरची मजुरी, पेंड वजा जाता दूध आणि शिलाई धरून, साडेसोळा हजार. ताईंनी हा आकडा याआधी कधी एकत्र पाहिलेला नव्हता. मी अनेक सुशिक्षित, पगारदार घरांत पाहिलंय, क्रेडिट कार्ड, पर्सनल लोन आणि मित्राचे उसने यांची एका कागदावर बेरीज मांडायला माणसं वर्षानुवर्षं टाळाटाळ करतात. इथे ते काम अर्ध्या तासात झालं, कारण पुढे बसलेल्या दहाही जणींची कधी ना कधी अशी यादी झालेली होती.

मग खरी चर्चा सुरू झाली, आणि ती चांगलीच तापली. गंठण मोडून टाक, असं दोघींचं म्हणणं. सोन्याचा भाव बघता पतसंस्थेची बाकी फिटून वर बरीच रक्कम हातात आली असती, तिच्यात शेकडा पाचवालाही मिटला असता. हिशेबाने हे बरोबर होतं, आणि माझंही मत तेच होतं. ताईंनी नकारार्थी मान हलवली, आणि तो विषय पुन्हा कुणी काढला नाही. दुसरं म्हणणं, आधी किराणा द्या, दुकानदार रोज तोंडासमोर असतो. सचिवांनी मात्र पाच टक्क्यांच्या ओळीखाली दोन रेघा मारल्या आणि हिशेब मांडला.

२० हजार गटाकडून घेऊन त्या माणसाचे मिटवायचे. मोबाईलचे पाच हप्ते संपेपर्यंत गटाला फक्त व्याज, महिना २००. सहाव्या महिन्यापासून, मोबाईलचे १,४०० मोकळे झाले की, हजार रुपये मुद्दल आणि उरलेल्या मुद्दलावर व्याज. पंचवीस महिन्यांत कर्ज फिटतं आणि सगळं मिळून व्याज जातं ३,१०० रुपये. तोच माणूस या काळात २५ हजार नुसतं व्याज घेऊन वर २० हजार मागायला उभा राहिला असता. महिन्याचा भार पहिल्या महिन्यापासूनच आठ हजारांवर येत होता. दोन्ही फायनान्सची कार्डं, नवं लोन उचललं नाही तर, अकरा महिन्यांच्या आत संपणार होती. किराण्याचे पैसे दर दूधबिलातून थोडे थोडे. गटाच्या हप्त्याची तारीखही ठरली: बैठकीचाच दिवस.

अटी दोन घातल्या. नवं लोन उचलायचं नाही, आणि चेक हातात पडायच्या आधी घरात सांगायचं. दुसरी अट ऐकून ताईंचा चेहरा उतरला. मला ती कठोर वाटली, पण योग्यही वाटली. लपवलेल्या कर्जाचं व्याज बाई स्वतःच्या जेवणातून आणि औषधातून फेडत असते, हे त्या बायकांना माझ्यापेक्षा नीट माहीत होतं. जामीन म्हणून दोघींनी सह्या केल्या, आजींनी ठरावाखाली अंगठा उठवला.

पुढचं मला नंतर कळलं. पैसे मिटवायला ताईंबरोबर त्या दोघी जामीनदारही गेल्या होत्या. त्या माणसाकडचा कोरा चेक आणि सही केलेला स्टॅम्पपेपर हातात आल्याशिवाय त्यांनी नोटा मोजल्या नाहीत. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे, आणि परवाना असलेल्यालाही शेतीबाहेरच्या विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही. इथे ते साठ होतं. तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे तक्रार करता आली असती. बायकांनी केली नाही. रोज त्याच्याच दारावरून पाण्याला जायचं असतं, असं त्यांचं म्हणणं.

त्या दिवशीची एक गोष्ट मात्र राहून जायला नको. गटाच्या पेटीत तेव्हा ३१,४०० रुपये शिल्लक होते. दुसऱ्या एका सभासदाचा १५ हजारांचा अर्ज आधीच आलेला होता, मुलीच्या डिप्लोमाच्या प्रवेशासाठी. वीस दिल्यावर उरले ११,४००. त्या बाई सरळ म्हणाल्या, “हिनं कर्ज लपवायचं आणि माझ्या पोरीनं थांबायचं व्हय?” कुणी त्यांना गप्प केलं नाही. शेवटी त्यांनी ११ हजार घेतले, उरलेल्या चारची सोय भावाकडून केली. पुढच्या बैठकीला त्या ताईंपासून दूर बसल्या होत्या. गटाचा आधार म्हणजे मायेचा ओलावा असं लिहिणाऱ्यांनी हा भाग गाळू नये. इथे एकीला दिलेला पैसा दुसरीच्या वाट्यातून जातो, आणि म्हणूनच तो परतही येतो.

गंमत अशी, की फायनान्स कंपन्यांचं लोनही गटावरच उभं आहे. पाच-दहा बायका, एकमेकींची हमी, ठरलेल्या घरी सेंटर मीटिंग. बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेने जगाला दाखवलेला नमुना. बाहेरून दोन्ही वर्तुळं सारखीच दिसतात. पण एकीचा हप्ता चुकला की सेंटरच्या मीटिंगमध्ये बाकीच्यांना उठू देत नाहीत, हे या अकरापैकी चौघींनी सोसलेलं होतं. एकीच्या दारात वसुलीवाला अंधार पडेपर्यंत बसून होता. शेजारणींनी पैसे गोळा करून भरले आणि मग तिच्याशी बोलणं टाकलं. नोटाबंदीनंतर विदर्भात बायकांनी याच वसुलीविरुद्ध मोर्चे काढले होते. फरक मला दोनच ठिकाणी दिसला: व्याज कुणाच्या पेटीत जातं, आणि तारीख कोण बदलू शकतं. बचत गटात जून-जुलैला शाळेचा खर्च आला की हप्ता पुढे ढकलल्याचा ठराव होतो. २०१९ च्या पुरानंतर गटाने दोन महिने कुणाकडूनही मुद्दल घेतलं नव्हतं.

ताईंनी दुसऱ्या फायनान्सच्या साहेबांना हप्ता दूधबिलानंतरच्या तारखेला घ्या म्हणून विनंती केली होती. “सिस्टीम घेत नाही,” असं उत्तर आलं. खरं तर मायक्रोफायनान्ससाठी रिझर्व्ह बँकेची एप्रिल २०२२ पासून लागू झालेली नियमावली सांगते, की हप्ते किती दिवसांनी घ्यायचे हे कर्जदाराच्या गरजेप्रमाणे ठरवण्याची लवचिकता संस्थेने आपल्या धोरणात ठेवावी. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन नाही, आणि ठरलेल्या जागी कर्जदार लागोपाठ दोनदा आला नाही तरच घरी जायचं. ताईंचे हप्ते निम्म्याच्या वर होते. दुसरं लोन देताना घरातलं उत्पन्न विचारलं होतं का, या प्रश्नावर त्या म्हणाल्या, “फॉर्म साहेबांनीच भरला.”

सचिवांनी हे नियम एका कागदावर मराठीत लिहून काढले आणि पासबुकांच्या पिशवीत ठेवले. पुढच्या वेळी साहेब आले तेव्हा तारीख काही बदलली नाही, पण संध्याकाळचे फोन थांबले.

मी शेवटची बैठक पाहिली तेव्हा मोबाईलचे हप्ते संपून ताईंचं मुद्दल सुरू झालेलं होतं. एक महिना त्यांनी चुकवला, म्हैस आटली होती म्हणून. दंड भरला आणि पुढच्या महिन्यात दोन्ही हप्ते दिले. पहिल्या फायनान्सचं कार्ड संपत आलं होतं आणि साहेबांनी नव्या ५० हजारांची तयारी दाखवली होती. ताईंनी ते बैठकीत स्वतःहून सांगितलं.

तुमच्या घरात दोनपेक्षा जास्त हप्ते चालू असतील, तर सचिवांचे ते पाच रकाने आजच आखा आणि यादी घरातल्या किंवा विश्वासातल्या एका तरी माणसासमोर वाचा. वर्षातून एकदा प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून आपला अहवाल फुकट मिळतो. विसरलेलं किंवा आपल्या नावावर दुसऱ्याने काढलेलं लोन त्यात सापडतं. वसुलीचा त्रास असेल तर आधी त्या संस्थेकडे लेखी तक्रार द्या, तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्यांचा माहिती क्रमांक १४४४८. आणि कर्ज फिटलं की कार्ड फाडून टाकू नका. शिक्का मारलेला बेबाकी दाखला मागून घ्या आणि जपून ठेवा.