सरळ दांडी फक्त संगणकात असते

खराट्याची काडी दोन्ही टोकांनी ओढली तर सहजासहजी तुटत नाही. तीच टोकांकडून दाबली की चटकन बाजूला वाकते. अभियंते याला बकलिंग म्हणतात. गणितज्ञ लिओनार्ड ऑयलरने १७४४ मध्ये त्याचे गणित मांडले. त्या गणितानुसार दांडीची आधाराविना लांबी दुप्पट झाली की तिला पेलवणारा भार निम्मा नव्हे, चौथा हिस्सा होतो. अशा लांब, बारीक दांडीसाठी भारी दर्जाचे पोलाद आणूनही फारसा फायदा नाही, कारण इथे कस लागतो तो ताठपणाचा, आणि तो सगळ्या पोलादांत जवळपास सारखाच.

आज हा हिशेब फायनाइट एलिमेंट पद्धतीने होतो. संगणक बांधकामाचे हजारो छोटे तुकडे कल्पून प्रत्येकाचा ताठपणा मांडतो. दाब वाढला की ताठपणा घटत जातो. कितीपट भाराला तो एखाद्या दिशेने शून्यावर येतो, ते संगणक शोधतो. उत्तर नेमके असते, पण ते मांडलेल्या बांधकामाचे असते, उभ्या राहिलेल्या नव्हे. माझ्या मते सारी मेख इथेच आहे.

अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरातील क्रीडागृहाचे छत १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे बर्फाच्या ओझ्याखाली कोसळले. काही तासांपूर्वीच तिथे हजारो लोक बास्केटबॉलचा सामना पाहत होते. पहाटेची वेळ म्हणून कोणी मेले नाही. सुमारे ३०० बाय ३६० फुटांच्या त्या छताच्या पोलादी जाळीचा हिशेब संगणकावर झाला होता. वरच्या थरातल्या ३० फुटी दांड्यांना मधोमध आधार आहे, म्हणजे मोकळी लांबी १५ फूट, असे त्यात धरले होते. प्रत्यक्षात कडेच्या दांड्यांना तो आधार नीट मिळतच नव्हता. ऑयलरच्या नियमाने पाहिले तर अशा दांडीची पाऊण ताकद कागदावरच राहते. बांधकाम चालू असतानाच छत हिशेबापेक्षा दुपटीने खाली झुकलेले आढळले होते. तरी विश्वास ठेवला गेला तो हिशेबावर. कोसळण्याच्या नेमक्या कारणाबद्दल तज्ज्ञांत एकमत झाले नाही, दांड्या पिळवटल्या असे म्हणणारेही होते. मात्र आधाराच्या त्या चुकीच्या गृहीताकडे डोळेझाक करता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, ही पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट. आताची सॉफ्टवेअर आकारातला दोषही हिशेबात धरतात. धरतात खरी, पण दोष केवढा आणि कुठे, हे माणसालाच सांगावे लागते. पातळ पत्र्याच्या नळकांड्यात तर हे फारच नाजूक असते: पत्र्याच्या जाडीहूनही कमी खोलीचा पोचा त्याची ताकद मोठ्या प्रमाणात घटवतो. डच अभियंता वॉर्नर कॉइटरने १९४५ मध्ये डेल्फ्ट विद्यापीठातल्या प्रबंधात याची मीमांसा केली, तरी बरीच वर्षे ती डच भाषेतच अडकून पडली. मग संगणकाच्या भानगडीत पडायचेच कशाला? कारण त्याच्याविना दुसरा मार्ग म्हणजे ताकदीत सरसकट मोठी घट धरून जाड पत्रा वापरायचा, आणि अशाच नळकांड्यांच्या अग्निबाणात प्रत्येक किलो महाग. म्हणून नासाने मार्च २०११ मध्ये २७.५ फूट व्यासाचे, २० फूट उंच ॲल्युमिनियम-लिथियमचे नळकांडे सुमारे दहा लाख पौंडांच्या दाबाखाली मुद्दाम चिरडले आणि ते कसे वाकते याची मापे संगणकाच्या अंदाजांशी ताडून पाहिली.